रविवारचं धोतर

लग्नानंतर सव्वा वर्षाने मी कल्याणचं सासर सोडलं आणि डोंबिवलीत माझ्या विधवा मावशीबरोबर राहू लागले. कल्याणच्या त्या घरात काय घडलं ते मी इथे लिहिणार नाही. माझ्या डाव्या मनगटाचं हाड जरा तिरकं जुळलं आहे, एवढं पुरे. नंतर जे झालं ते मात्र सांगण्यासारखं आहे, कारण त्यात सगळा दोष आमचाच होता.

तेव्हा रेशनिंग होतं. तांदूळ, गहू, साखर, सगळं कार्डावर आणि माणशी ठरलेलं. मी घर सोडलं तरी माझं नाव नवऱ्याच्या कार्डावरच राहिलं. म्हणजे माझ्या वाटणीची साखर दर आठवड्याला त्यांच्या चहात पडत होती आणि इकडे आम्ही दोघी मावशीच्या एकटीच्या कार्डावर जेवत होतो. कमी पडणारा तांदूळ चोरून, दुप्पट भावाने घ्यायचा. मी ठाण्याच्या एका कचेरीत टायपिस्ट होते. खोलीचं भाडं दिल्यावर माझ्या पगारात हा तांदूळ बसत नव्हता. वेगळं कार्ड मिळालं तर डोंबिवली, नाही तर पुन्हा कल्याण. तिकडून निरोपही तसाच आला होता की भूक लागली की येईल परत.

मी अर्ज केला. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला चारचौघांत तोंड उघडता येत नसे, पण अर्ज फार सुरेख लिहिता येत असे. रेशनच्या कचेरीतल्या कारकुनाने दोन्ही पानं आदराने वाचली आणि विचारलं की नवऱ्याची सही कुठे आहे. सही मिळणार नाही, असं मी टेबलाकडे बघत सांगितलं. मग तो म्हणाला, इन्स्पेक्टर घरी येऊन बघतील. तुम्ही खरोखर नवऱ्यापासून वेगळ्या राहता असं दिसलं, तर कार्ड.

यात अवघड ते काय, असं कोणालाही वाटेल. अवघड एवढंच होतं, की आमच्या घरात एक पुरुष होता.

तो आला मालकीणबाईंमुळे. सहा खोल्यांची ती चाळ त्यांची स्वतःची. वयाने मावशीएवढ्या, तरुणपणी मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहिलेल्या, आणि मान अजून ताठ. खोली दाखवताना त्यांनी एकच प्रश्न केला होता, “घरान पुरुस मानूस कोन हाय?” नुसत्या बायकांना त्या खोली देत नसत. मी खरं सांगायला शब्द जुळवत होते, तेवढ्यात मावशीने माझ्यासाठी फिरतीवर असलेला नवरा तयार केला. कापडाच्या कंपनीत एजंट, फक्त रविवारी घरी. मालकीणबाईंनी मान डोलावली आणि विहिरीच्या पाण्याचे पैसे तीन माणसांचे लावले.

एकदा नवरा निर्माण केल्यावर त्याला सांभाळणं आलं. मावशीने वारलेल्या काकांच्या ट्रंकेतून त्यांचं धोतर, काळी टोपी आणि चपला काढल्या. दर रविवारी सकाळी धोतर धुऊन पुढच्या दोरीवर पडायचं आणि चपला दाराबाहेर यायच्या. पहाटे मावशी तोंडासमोर रिकामा तांब्या धरून खोकायची. तांब्यातून तो खोकला असा घुमायचा, की पहिल्या रविवारी मी स्वतः दचकून उठले. एजंट चपला सोडून अनवाणी हिंडतो का, अशी शंका मी काढली. मावशी म्हणाली, रविवारी तो झोपतो. दमलेला असतो बिचारा.

हळूहळू तो चाळीत लोकप्रिय झाला. शेजारच्या खोलीतल्या वहिनींच्या घरी आमटीत मीठ कमी पडलं की सबंध चाळीला कळत असे. त्या मला म्हणायच्या, “तुमच्या ह्यांचा आवाज म्हणून नाही. नशीब लागतं.” आपल्या यजमानांना त्या भिंतीपलीकडून ऐकवायच्या, की शेजारी बघा, माणूस आठवड्याने घरी येतो आणि नुसता खोकतो. मलाही त्याचा जरासा अभिमान वाटायला लागला होता, हे कबूल करायला हवं.

इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर मी धोतर बंद करू या असं सुचवलं. मावशीचं म्हणणं पडलं, की एकदम बंद केलं तर मालकीणबाई विचारतील. आणि सरकारी माणूस रविवारी कशाला येतोय?

तो रविवारीच आला. डोंबिवलीतच राहणारा होता. बाजार करून घरी जाता जाता हेही काम उरकावं म्हणून, हातात शेवग्याच्या शेंगा वर आलेली पिशवी घेऊन तो आमच्या दारात उभा राहिला. त्याने आधी चपला बघितल्या, मग दोरीवरचं धोतर. मी आतून बाहेर येईपर्यंत वहिनी त्याच्याशी बोलायला लागल्या होत्या. आमच्या अब्रूची चौकशी चालली आहे असं समजून त्या जीव तोडून मदत करत होत्या. हो तर, यजमान असतात की. आजच पहाटे त्यांना खोकताना ऐकलं. देवमाणूस आहे.

इन्स्पेक्टरने कागद काढला आणि लिहिता लिहिता म्हणाला, “म्हणजे पती सोबत राहतात.”

गडबड ऐकून मालकीणबाईही विहिरीकडून येऊन उभ्या राहिल्या होत्या. खरं बोलले तर खोली जाणार होती, गप्प राहिले तर कार्ड. इंग्रजीत मनातल्या मनात तीन वाक्यं जुळवली. ती तिथे कोणाच्याच उपयोगाची नव्हती.

“इथे पुरुष नाही,” मी म्हणाले. “मी नवऱ्याचं कल्याणचं घर सोडून आले आहे. धोतर मावशीच्या यजमानांचं आहे. ते वारले.”

वहिनींनी तोंडाला पदर लावला. इन्स्पेक्टरने शेंगांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“मग पहाटे खोकलं कोण?”

“मी,” मावशी म्हणाली.

“खोकून दाखवा.”

मावशी आत जाऊन तांब्या घेऊन आली आणि जीव ओतून खोकली. माझ्या आठवणीत एवढा घरंदाज खोकला ती पुन्हा कधी खोकली नाही. वहिनींच्या तोंडून अभावितपणे “हेच ते” असं निघून गेलं, आणि त्यांचे यजमान खोलीच्या आत इतके हसले की त्यांना खरा ठसका लागला. इन्स्पेक्टरने पिशवी खाली ठेवली, आधीचं वाक्य खोडलं आणि नवं मोठ्याने वाचत लिहिलं, “घरात पुरुष नाही. खोकल्याची खात्री केली.”

तो गेल्यावर मी मालकीणबाईंकडे वळले. सामान कधी हलवायचं, असं विचारायचं होतं. त्या दोरीपाशी गेल्या, धोतराचा काठ चिमटीत धरून बघितला आणि खाली सोडला.

“माज्या घरान पुरुस व्हता तवा मीच बाहेर निजायची,” त्या म्हणाल्या. “ऱ्हावा तुमी. त्यो कल्यानचा आला तं मना हाक मारा.”

मावशीला धीर आला. तिने लगेच विचारलं, की माणूस नव्हताच, तर त्याच्या पाण्याचे इतके महिने घेतलेले पैसे परत मिळतील का.

“धोतर काय कोरडंच धुतलंत?” मालकीणबाई म्हणाल्या आणि विहिरीकडे चालत्या झाल्या.

वहिनी पंधरा दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. फसवलं म्हणून नाही; त्यांचं उदाहरण गेलं म्हणून. त्यांचे यजमान मात्र मला विहिरीकडे जाताना भेटले की वाट देऊन बाजूला उभे राहत.

कार्ड महिन्याभराने आलं. मावशीचं जुनं कार्ड त्यातच मिळवलेलं, म्हणून त्यावर दोन नावं होती, माझं आणि मावशीचं, आणि कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात माझं. रेशनच्या दुकानातून आणलेला पहिला तांदूळ लालसर होता, वासाचा होता आणि त्यात इतके खडे होते की आम्ही दोघी दुपारभर दारात सूप घेऊन बसलो. मावशी म्हणाली, असला तांदूळ देतात म्हणजे सरकारला आपण कोण ते अजून कळलेलं नाही. भात झाला तो गिचका. मी तीनदा वाढून घेतला.