मुक्या जादूगारणीच्या वतीने

ज्ञानाला कुलूप लावणाऱ्याशी माझं जमत नाही. मग ते कुलूप आमच्या गावच्या वाचनालयातल्या कपाटाला असो, नाहीतर माझ्या मित्राने डोक्यातून काढलेल्या नगरीतल्या मंत्रांच्या ग्रंथालयाला. पहिल्या कुलपाविरुद्ध मी पत्रकं लिहिली, वाटली, भिंतींना चिकटवली. कुलूप तिथंच आहे, पत्रकं तेवढी शेळ्यांनी खाल्ली. दुसऱ्या कुलपाविरुद्ध मी एका रविवारी वाशीमजवळच्या एका मळ्यात, भाजीच्या शेडमध्ये ठिय्या दिला. त्या ठिय्याबद्दल वाट्टेल ते पसरवलं गेलं आहे, आणि पसरवणारे माझेच दोस्त आहेत. म्हणून हे लिहिणं आलं.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकजण एक आख्खी नगरी रचतो आणि तिच्यात काय काय घडतंय ते सांगत जातो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी इकडे जाते, मी तलवार काढतो' असं म्हणत तिच्यात हिंडतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आमचा नगरी रचणारा शेतकीची पदविका घेऊन घरचाच मळा बघतो. त्याच्या नगरीत राक्षस आहेत, उडते घोडे आहेत आणि बसस्टँडही आहे. बसस्टँडवर उडते घोडे वेळेवर येत नाहीत. एवढी जादू आहे तर घोडे तरी वेळेवर आण, असं मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "मंग खोटं वाटन ना."

खेळ चालायचा रविवारी दुपारी, मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता. सोमवारी पहाटे माल बाजारात जायचा. शेडची मालकी त्याच्या आईकडे, आणि आईचा नियम एकच होता, "तोंड कायबी बोलो, हात चालले पायजे." आमच्यातला एकजण शहरात मोबाईल दुरुस्त करतो. तो खेळात तलवारबाज होता, आणि प्रत्येक अडचणीवर त्याचा उपाय म्हणजे कुणाला तरी मारणं. मी कामगार पुढारी होते. असं पात्र यादीत नाही, असं मला सांगण्यात आलं. यादी कुणी केली आणि कुणाला विचारून केली, असं मी विचारलं. शेवटी घेतलं.

आणि जादूगारीण होती नगरी रचणाऱ्याची धाकटी बहीण. ही पोरगी सकाळी उठली की बोलायला लागायची ते डोळा लागेपर्यंत. गिऱ्हाइकाशी बोलायची, गाईशी बोलायची, मोटारपंप बंद पडला तर त्याची समजूत काढायची. पण पावसाळ्याआधीच्या एका खेळात आम्हाला नदी पार करायची होती आणि नावाड्याच्या जागी बसली होती चेटकीण. तिघांना बुडवणार, नाहीतर एकाचा आवाज घेणार, असं तिचं म्हणणं. यावर आधी आपसात बैठक घेऊ, असं मी सुचवलं. बैठक सुरू व्हायच्या आत पोरगी म्हणाली, "घे माहा."

झालं, आवाज गेला. तिच्या भावाने नियम केला, की पात्र मुकं तर खेळणारीही मुकी. खेळ चालू असेपर्यंत बोलायचं नाही, लिहून दाखवायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. उठणं, बसणं, चालणं तेवढं मोकळं. मला वाटलं, अर्ध्या तासात ही मोडेल. ती मोडली नाही. खेळ सुरू झाला की ओठ मिटून जुड्या बांधायची, खेळ संपला की बांध फुटल्यासारखी बोलायची. आई तिच्याकडे चोरून बघायची.

"हिले काय झालं वो? घरात त कान किटवते, इथं आली का गप."

"खेळ हाय आई," भाऊ म्हणायचा.

"आग लागो तुह्या खेळाले. फक्त रविवारी जवळ बसते पोट्टी, त तिलेच बंद करून ठेवलं."

गेलेला आवाज परत आणायचा मंत्र त्या नगरीत एकाच ठिकाणी होता, मंत्रांच्या ग्रंथालयात. आणि ग्रंथालयावर पहारा. तिथवर पोचेपर्यंत वेळ संपत आला होता, कारण पोरीला अकोल्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती हॉस्टेलला निघणार होती. त्या रविवारी दार उघडलं नाही तर तिची जादूगारीण मुकीच राहणार होती, आणि आईचा तिच्यासोबतचा शेवटचा रविवारही असाच जाणार होता. हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं. मला तर जरा जास्तच माहीत होतं, म्हणून मी तयारीने गेले होते.

पहारेकरी कोण, तर आई. मित्र म्हणाला, कुणाचंच ऐकणार नाही असं माणूस पाहिजे होतं, दुसरं कुठं शोधू? त्याने आईच्या कानात पहाऱ्याचा हुकूम सांगितला. तिने मान हलवली, वांग्यांचे दोन क्रेट थोडं अंतर ठेवून मांडले आणि मधल्या फटीत बसकण मारली. मांडीवर मेथी, हातात ओली सुतळी. हे ग्रंथालयाचं महाद्वार.

तलवारबाज लगेच पुढे झाला. "मी पहारेकऱ्यावर वार करतो."

"करून त पाह्य. तुह्या मायले फोन लावीन."

त्याने फासा टाकला. वीस. याहून मोठा आकडा या खेळात नाही, याने डोंगर फुटतो. "काकू, वीस आला!"

"मंग घरी घेऊन जाय न मायले दाखव."

तलवारबाज मुकाट्याने सांबार निवडायला बसला. आता पाळी माझी. मी उभी राहिले, ओढणी खोचली आणि बोलायला लागले. आंदोलनात मी प्रमाण भाषेत बोलते. त्याने समोरच्यावर दबाव येतो.

"आम्ही या नगरीची जनता आहोत. आणि आम्ही इथं या मुक्या भगिनीच्या वतीने आलो आहोत."

"जनतेनं तिकडं रांगेत उभं राह्याचं."

"रांग कुठं आहे?"

"तुमी उभ्या राह्यल्या का लागन."

आता सांगा, याला काय म्हणायचं? मी निवेदन वाचायला घेतलं. माझ्या शिक्षणाचा पाया पत्रक आहे. कोण दाबतंय, कोण दबलंय आणि उद्या किती वाजता जमायचं, एवढं आलं पाहिजे, बाकीचं सजावट. दबलेलं माणूस लोकांना दिसलंही पाहिजे, म्हणून खताच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मी त्यावर 'माझा आवाज परत करा' असं लिहिलं होतं आणि तो सुतळीने पोरीच्या गळ्यात अडकवला होता. तिच्या भावाने हरकत घेतली, की तिला लिहायची बंदी आहे. मी म्हटलं, तिने कुठं लिहिलंय, मी लिहिलंय. तिच्या वतीने.

निवेदनाच्या दुसऱ्या परिच्छेदाला पोरगी उठली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "बस, मी बोलतेय ना."

"ज्ञान ही कुणाच्या बापाची जहागीर नाही!" मी पुढे म्हणाले.

"नसन," आई म्हणाली. "माह्या बापाची त नाहीच. मी पगारी हाव."

"मग तुमच्या वरच्या अधिकाऱ्याला बोलवा."

"थे घोड्याची वाट पाहून राह्यले बसस्टँडवर."

तलवारबाज एवढा हसला की त्याची जुडी सुटली. मी घोषणा सुरू केली. घोषणेला मागून जबाब लागतो. तलवारबाजाने दोनदा दिला, मग कंटाळला. पोरीला बोलायची बंदी. म्हणजे घोषणाही मीच दिली आणि जबाबही मीच दिला. मधे ती पुन्हा उठून क्रेटकडे निघाली. मी तिला पुठ्ठ्याच्या सुतळीला धरून मागे ओढलं, कारण शिष्टमंडळाशिवाय एकट्यादुकट्याने आत जायचं नसतं, आंदोलन फुटतं. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, भारावली.

आई मात्र चिडत चालली होती. "पुढारीन बाई, पानी प्या जरासं."

"आम्ही पाण्याचाही त्याग केला आहे."

"घशाले आराम त द्या. थ्या पोरीले कायले वढून राह्यल्या? बसू द्या नाही त उठू द्या."

"तिला बोलता येत नाही. तिच्या वतीने मी..."

"आयकलं बाप्पा, आयकलं."

ऊन शेडच्या पत्र्यावरून खाली उतरलं होतं. मेथी संपत आली होती. आई मधूनच पोरीकडे बघायची, मग मुलाकडे, आणि जुडी अशी करकचून बांधायची की देठ तुटायचे. दार उघडावं असं तिला मनातून वाटत होतं हे मला दिसत होतं. तरी ती फटीतून इंचभर हलली नाही. असे पहारेकरी असतात म्हणूनच कुलपं टिकतात, असं तेव्हाही माझं मत होतं आणि आजही आहे.

पोरगी तिसऱ्यांदा उठली, मी तिसऱ्यांदा बसवली. तिची ओढणी टरकन फाटली. तेवढ्यात माझा फोन वाजला. संघटनेतून होता, दुसऱ्या दिवशीच्या खऱ्या मोर्चाबद्दल. शेडमध्ये रेंज नाही, म्हणून "कुणीही वाटाघाटी करू नका" असं बजावून मी विहिरीपर्यंत गेले. मोर्चाची वेळ कुणी बदलली यावरून तिथं थोडं भांडणही केलं.

परत आले तर पोरगी क्रेटच्या पलीकडे.

काय झालं ते तलवारबाजाने सांगितलं. काहीच झालं नाही. मी बाहेर पडल्या पडल्या ती उठली, चालत गेली, आई बाजूला सरकली, ती आत गेली. एवढंच. माझ्या गैरहजेरीत.

"हुकूम काय होता?" मी मित्राला विचारलं.

"जो तोंडानं मागन त्याले आत सोडाचं नाही. जो न बोलता चालत येईन त्याले अडवाचं नाही. थे दार तिच्यासाठीच बांधलं होतं म्या. आवाज गेला तवापासून."

"मग नियम जाहीर का केला नाही?"

"जाहीर केला असता त तू त्याच्यावर पत्रक काढलं असतं."

पोरगी तिकडे आत उभी होती. तिचा भाऊ तिला सांगत होता, की आत कपाटं आहेत पण एकालाही कुलूप नाही, ग्रंथ उघडेच आहेत, आणि एका ग्रंथातून कुणीतरी खाकरल्याचा आवाज येतोय. ती त्या बाजूला गेली. त्याने सांगितलं की ग्रंथ तिच्या हातात आला, पान उलटलं. मग तो म्हणाला, "बोल आता."

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. घरात दिवसभर बोलणारी पोरगी, पण या शेडमध्ये कुठून सुरुवात करावी हे तिला सुचेना. आईचे हात थांबले होते. नियम तिचाच, आणि पहिल्यांदा तिनेच मोडला.

"आई," पोरगी म्हणाली, "जुड्या लय बारीक करून राह्यली तू. महिना झाला पाहून राह्यली मी. गिऱ्हाईक वापस येनार नाही."

आईने हातातली जुडी सोडली, तिच्यात आणखी मूठभर मेथी घातली आणि पुन्हा बांधली. "बोल व माय," ती म्हणाली. "अजून बोल."

ती बोलली. तलवारबाजाच्या सांबारात गवत किती येतं, भावाच्या चेटकिणीचा आवाज त्यांच्या आत्यासारखा कसा होता, हॉस्टेलातली खाट खिडकीजवळ मिळेल का, सगळं. मग माझ्याकडे वळली.

"अन् तू! तीनदा खाली ओढलं मले. ओढनी फाडली."

"मी तुझ्याच वतीने बोलत होते."

"माईत हाय. थ्याच्यानंच त दार बंद होतं. पहिल्या खेपेलेच समजलं होतं मले. आईनं तलवारवाल्याले हाकललं, तुले हाकललं, मी उठली त गुडघा बाजूले घेतला तिनं. तुले दिसलं नाही, तू वाचून राह्यली होती."

यावर माझं उत्तर तयार होतं. ज्याला बोलता येतं त्याला बंदी आणि गप्प बसणाऱ्याला प्रवेश, हा नियम कुठल्याही नगरीत अन्यायाचाच आहे. याच नियमावर आमच्या गावातलं कपाट आजवर बंद राहिलं. मी हे मुद्देसूद मांडायला घेतलं. पोरीने गळ्यातला पुठ्ठा काढला आणि आतल्या बाजूने हात केला.

"ये. तुलेबी अडवनार नाही कोनी. फक्त बोलू नको."

मी उठले. दोन पावलं चालले. आईने गुडघा बाजूला घेतला, या खेपेला मला दिसला.

"एक मिनिट," मी म्हणाले, "पण तत्त्व म्हणून..."

चौघेही एकदम ओरडले. गुडघा परत जागेवर आला.

पोरगी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. आता रविवारी वांग्यांच्या क्रेटवर फोन उभा करतात आणि ती अकोल्याहून खेळते. खाट खिडकीजवळच मिळाली. ती एवढी बोलते की फोन तापतो. आई फोनच्या जवळ बसते आणि जुड्या आता जाड बांधते. जादूगारीण आणि तलवारबाज ग्रंथालयातून निघून कुठल्या कुठे पोचले, डोंगर ओलांडले, एक राजा बदलला. माझं पात्र अजून त्या दाराशी ठिय्या देऊन बसलेलं आहे. नियम बदलेपर्यंत हलणार नाही, असं मी कळवलं आहे.

आई शेडमध्ये आली की पहिल्यांदा मलाच विचारते, "पुढारीन बाई, बसल्याच हाय का अजून?"

"बसले आहे."

"बस मंग," म्हणते, आणि मेथीचा ढीग माझ्याकडे सरकवते.