शब्बाथभर चालू राहिलेला रेडिओ

गाणी वाजवायचं यंत्र बघायला माणूस दुकानात शिरलं की दुकानदार स्वतःची कॅसेट लावतो. तीत ढोल असतो. ढोल कुठल्याही खोक्यातून बरा वाजतो. मिल्का पेणकरला हे ठाऊक होतं. म्हणून पनवेलच्या दुकानांतून हिंडताना ती आपली कॅसेट पर्समध्ये ठेवायची आणि म्हणायची, "ती राहू द्या. ही लावा."

तिच्या कॅसेटमध्ये गाणं नव्हतं. धाकटी बहीण शोशाना लग्न होऊन इस्रायलला, अश्दोदला गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. पत्र लिहायचा दोघींना कंटाळा. शोशाना टेपरेकॉर्डर समोर ठेवून बोलायची आणि इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी कॅसेट पाठवायची. पण मिल्काच्या घरचा टू-इन-वन आता थकला होता. त्यातून शोशाना घोंगडीखालून बोलल्यासारखी वाटायची, आणि शब्दांवर सतत एक खरखर. मिल्का शाळेत चौथीला शिकवायची. वर्गाच्या गोंगाटात कोण पोर कुजबुजलं ते ती पाठमोरी सांगायची. सख्ख्या बहिणीचा आवाज मात्र तिला हळूहळू परका होऊ लागला होता. तो पुन्हा आपला वाटावा, एवढ्यासाठी तिला नवं यंत्र हवं होतं.

तिचा नवरा जुडाह उरणच्या गॅसच्या प्लांटमध्ये होता. त्याचं मागणं वेगळं. अधूनमधून तो भाड्याने व्हीसीआर आणायचा, आणि सिनेमातली मारामारी त्याला छातीत ऐकू यायला हवी होती. त्याने एका कंपनीचा सेट हेरला होता. खोक्यावर ठळक अक्षरांत हजार वॉट, आणि समोर गाण्याबरोबर नाचणारे तांबडे-हिरवे दिवे.

"हजार वॉट? एवढे तर आपली इस्त्री ओढते," मिल्का म्हणाली.

"अगं, हे वॉट वेगळे."

"मग ते खोटे."

टपाल नाक्याजवळचा दीनानाथ सुटे भाग आणून स्वतः सेट जुळवायचा. रेडिओसकट ॲम्प्लिफायर, कॅसेटचा डेक आणि प्लायवुडचे दोन बॉक्स. दिवा एकच, तोही मिणमिणता. किंमत मात्र पेणकरांच्या आवाक्यातली. "घरी नेऊन ऐका, बाई," तो म्हणाला. "रविवारी सांगा. खरखर राहिली तर दुकानाचं नाव बदलीन."

शुक्रवारी दुपारी सेट घरी आला. जुडाह वायरी जोडत बसला. बॉक्स कपाटावर ठेवले, खाली आणले, खिडकीशी नेले. रेडिओचा काटा फिरवून स्टेशन पकडतो न पकडतो तोच लाईट गेली. बटण तसंच चालू राहिलं. आवाजाची कळही निम्म्यावर. तेवढ्यात सूर्य कलला, मिल्काने तेलाचे दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हटला. शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, लागला. आता शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत जाळ नाही, काम नाही, कुठल्या बटणाला हात नाही. मिल्काच्या वडिलांच्या घरी हे असंच होतं, आणि इथेही.

जेवायला बसले आणि लाईट आली. कपाटाशेजारून भारदस्त आवाजात बातम्या सुरू झाल्या.

जुडाहचा हात आपोआप पुढे गेला.

"अहो! हात मागे."

"नुसता आवाज कमी करतो. ते काय काम आहे?"

"मग नका करू. काम नाही तर घाई कसली?"

सकाळी शेजारचे कृष्णकांत डोकावले. ते आपण होऊन बटण बंद करतील, अशी जुडाहला आशा होती. त्यांना तसं सांगणं मात्र शब्बाथच्या नियमात बसत नव्हतं. तरी तो म्हणाला, "कृष्णकांतराव, फार मोठा वाटतो का हो आवाज?"

"छे हो! आमच्या स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट. सुनीता म्हणते, आपला रेडिओ आता देऊन टाकू कुणाला." असं म्हणून ते खुर्ची ओढून ऐकत बसले. मिल्का पदर तोंडाशी धरून आत पळाली.

मग नवरा-बायको दिवसभर ऐकतच राहिले. दुसरं करणार काय? भजनं, बाजारभाव, शेतकऱ्यांना सल्ला. एका नभोनाट्यात घोडा उधळला, तेव्हा जुडाह पलंगावर उठून बसला. "टाप ऐकलीस? डावीकडून आली!" तसं काही नव्हतं, पण मिल्काने त्याचं मन मोडलं नाही.

दुपारची सभा संपली आणि केंद्र बंद झालं. उरली नुसती खरखर. रिकाम्या आभाळाची. मिल्का लवंडून ती ऐकत राहिली. एकसारखी होती. तिला श्वास नव्हता, ती दमत नव्हती, कुणासाठी थांबत नव्हती. मिल्काला वाटलं, असंच असतं बहुतेक दूर जाणं.

संध्याकाळी तारे दिसले. शब्बाथला निरोप देऊन झाल्याबरोबर जुडाहने पहिलं काम केलं ते रेडिओ बंद करण्याचं. घर एकदम मोठं झालं. मिल्काने शोशानाची कॅसेट लावली.

शोशाना अगदी जवळून बोलू लागली. आणि खरखर होतीच, पूर्वीपेक्षा ठळक.

"बदलायला लावू दीनानाथला पाटी," जुडाह म्हणाला.

"थांबा." मिल्काने हात वर केला. ही दुपारची खरखर नव्हती. ही दमत होती. चार-पाच वेळा खर्र खर्र, मग थांबा, मग पुन्हा. मध्येच विळीचा पाट हलल्याचा ठक्क. खरखर थांबायची तिथे शोशाना "हं, तर काय सांगत होते" म्हणायची.

"अहो, नारळ खोवतेय ती!" मिल्का ओरडली. "विळीवर बसून. आई म्हणायची, तोंड चालू ठेव पण हात थांबवू नकोस. इतकी वर्षं आपण तिचा नारळ पुसायला निघालो होतो!"

हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जुडाहने कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली, मग पुन्हा.

रविवारी दीनानाथने विचारलं, "गेली ना खरखर?"

"नाही गेली. छान ऐकू येते. म्हणून ठेवतोय."

दीनानाथ पाटीकडे बघत राहिला. तोवर जुडाहने व्हीसीआरची वायर या सेटला कशी जोडायची ते विचारायला सुरुवात केली होती.

घरी येऊन मिल्काने डेकमध्ये कोरी कॅसेट घातली, मागच्या दाराशी विळी मांडली आणि रेकॉर्डचं बटण दाबून नारळाची वाटी हातात घेतली. खर्र खर्र सुरू झालं.

"अगं, बोल की काहीतरी!" जुडाह म्हणाला. "कॅसेट फिरतेय."

"बोलतेय ना," मिल्का म्हणाली, आणि खोवत राहिली.