एन्कोडर तर माझ्या हातात होता...

भूताखेतावर आपला काडीचा विश्वास नाही, हे पहिलेच सांगून ठेवतो. मी वणी-मारेगाव रोडवरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन आहे. प्रेसले कोणी लिंबू-मिरची बांधली तरी माझं डोकं फिरते. सेन्सर रुईच्या धुळीनं बंद पडते बाप्पा, नजरेनं नाही.

गोष्ट मागच्या हंगामातली, भरदुपारची. रुई दाबून गठाण बांधायच्या प्रेसचा एन्कोडर चुकीचे आकडे दाखवत होता. ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो — डबीत बारीक रेघांची चकती फिरते, रेघांमधून उजेड जाते, तो मोजून स्क्रीन सांगते की लोखंडी दट्ट्या पेटीच्या तळापासून किती उंच आहे. बस, एवढंच.

दट्ट्या चालवणारा तेलाचा पंप बंद केला. एन्कोडर खोलला, केबल काढली अन् पॅनलपाशी बसून धूळ पुसून राह्यलो होतो. माझा साळा गजू तिथंच कामाले, मीच लावलेला. तो अडकलेली रुई काढायले दट्ट्याखाली पेटीत शिरला. मधात भिंत, पॅनलवरून पेटी दिसत नाही.

सहज स्क्रीनकडं पाहिलं तर... आकडा उतरत होता. सावकाश, एकेक करून.

म्हटलं, बिघडली असंल. पण बिघडली का आकडा उड्या मारते, असा शिस्तीत उतरत नाही. अन् एन्कोडर तर माझ्या हातात होता! चकती जागच्या जागी, केबल खाली लोंबत. भ्यालो, खोटं कायले बोलू.

"गजू, बाहेर निघ."

"काहून भाऊजी? मूठभरच राह्यली."

"निघ म्हटलं ना तुले. आधी निघ."

कुरकुरत निघाला. त्यानं पाय बाहेर घेतला अन् दट्ट्या धाडकन खाली बसला.

व्हॉल्व्हचं सील गेलतं, ते नंतर समजलं. तेल सुटून दट्ट्या हळूहळू सरकत होता, तेही समजलं. पण स्क्रीनले कोणं सांगितलं? इंजिनिअर साहेब म्हणाले, "नॉइज असंल, वायरमधला फालतू सिग्नल." मी मान हलवली. पण त्यांच्या येण्याआधीच मी टेप लावून दट्ट्याची उंची मोजली होती... स्क्रीनवर थांबलेला आकडा अन् टेपवरचा, एकच.

खाली जेमतेम वीतभर जागा उरली होती.

कारण मले अजून सापडलं नाही. कोणाजवळ असंल तर सांगा, मी ऐकून घेईन. बायकोले मात्र यातलं काहीच सांगितलं नाही. तिले एकच भाऊ आहे.