विजेवरचा सा

आमचे मोठे मामा गाण्याचे क्लास घेतात आणि उरलेला वेळ नाकं मुरडण्यात घालवतात. गळा यथातथाच, पण तोरा असा की सातही सूर यांनीच जन्माला घातले.

एका रविवारी त्यांचा जुना शिष्य इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. त्यावर बसवलेला राग त्याला मामांना ऐकवायचा होता. त्याने पिन लावण्याआधीच मामा कडाडले, "विजेवर चालतं ते वाद्य नव्हे. असल्या खेळण्याला माझ्या खोलीत वीज मिळणार नाही."

मी उठले आणि मामांच्या पाठीमागच्या विजेच्या तंबोऱ्याची पिन काढली. खरा तंबोरा जुळवायचा कंटाळा, म्हणून वीस वर्षं ते या डब्यावरच गात आलेत.

मागे घुमणारा सूर बंद पडला. मामांनी ऐटीत सा लावला, तो घसरला. पुन्हा लावला, तो भलतीकडेच गेला. शिष्याने बिनविजेच्या गिटारची एक तार छेडली. आवाज डासाएवढा, पण सूर पक्का.

मामांनी खाकरून त्याच तारेवर सा लावला आणि मला म्हणाले, "गळा तयार असला की कशाचाही आधार लागत नाही."