महादेवअण्णा आणि लाकडातून वर आलेली अक्षरे

महादेवअण्णांची पहिली भेट झाली, तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसलाच नव्हता. शाळेतली माझी नोकरी सुटली होती. अक्षर चांगले म्हणून कुणीतरी त्यांच्या लाकडी नामपाट्यांच्या कारखान्याचे नाव सुचवले. मी दारात पोहोचले, तेव्हा कॉम्प्रेसर नुकताच थांबला होता. आतल्या खोलीतून चेहरा झाकणारा जाड टोप घातलेली, धुळीत न्हालेली एक आकृती आली आणि तिने एक सागवानी फळी माझ्या हातात ठेवली.

“बाई, डोळे मिटून वाचा की.”

मी बोटे फिरवली. ‘सावली’. जुळे सोलापूर वस्तीतल्या कुणाच्या तरी घराचे ते नाव. डोळे उघडल्यावरही काही क्षण मी स्वप्नातच होते.

फळीवर रबर चिकटवायचे, अक्षरांभोवतीचे कापून काढायचे आणि उघड्या लाकडावर वाळूचा झोत सोडायचा. वाळू मऊ लाकूड खाते, कठीण रेषा मागे राहतात आणि त्या लाटांवर रबराखाली झाकलेली अक्षरे तरंगू लागतात. पाहताना भान हरपते. अण्णांचे मात्र हरपत नाही. हौसेने आत शिरू पाहणाऱ्या एका बड्या गिऱ्हाइकालाही मास्क नव्हता म्हणून त्यांनी हात जोडून दारातच थांबवले होते.

होटगीच्या वाचनालयाची पाटी मी कधीच विसरणार नाही. नाव होते ‘ग्रंथालय’. रबर मी कापले, झोत अण्णांनी मारला. पाटी न्यायला आलेले गावकरी बघतच राहिले.

“अण्णा, टिंब कुटं गेलं?”

त्या टिंबाचे रबर माझ्या बाहीला चिकटलेले होते. भोवतालचे रबर सोलताना तेही निघाले होते आणि तिथले लाकूड वाळूने खाल्ले होते. 

“माझ्याकडनं राहिलं,” अण्णा म्हणाले. “चार दिवस द्या.”

“उद्घाटनाचं पावण्यांना सांगून झालंय की!”

“मग मी येतो गावात. मीच सांगतो.”

आणि ते खरोखरच गेले. जमलेल्या मंडळींपुढे त्यांनी चूक स्वतःच्या नावावर घेऊन माफी मागितली. वेगळे टिंब चिकटवा, असे मी सुचवले होते. “उन्हात पडंल,” एवढेच ते बोलले. त्यांनी फळीवर रंधा मारून पृष्ठभाग पुन्हा सपाट केला. त्या दिवशी मी काम सोडायचे ठरवून आले होते. त्यांनी रबर कापायची सुरी माझ्याच हातात दिली.

“बाई, हात थरथरतोय तोवर थांबा. लाकडाला घाई न्हाय.”

दुपारभर मी थांबले. मग कापले. ती पाटी जराशी पातळ झाली खरी, पण आजही होटगीत तिच्याखालून मुले पुस्तके घेऊन जातात.

यंदा अण्णांनी पंच्याहत्तरी पूर्ण केली. डॉक्टरांनी धूळ वर्ज्य केली आहे. कारखाना आता मी चालवते, असे लोक म्हणतात. खरे सांगायचे तर, सकाळी ते बाहेरच्या खुर्चीत येऊन बसल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. त्यांचा श्वास मोकळा राहो, नजर स्वच्छ राहो, ते सुखाने शंभरी ओलांडोत, आणि तोवर रोज सकाळी त्यांचे हे शब्द माझ्या कानी पडोत: “बाई, करा सुरू.”