विद्याताईंच्या पंगती

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. विद्याताईंच्या नावावर लागलेली ती चूक माझी होती.

त्या गेल्याचं महिन्यापूर्वी ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर कळलं. कोणीतरी लिहिलं, 'कामाला वाघीण. शेवटी तेवढी एक गडबड झाली...' मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि फोन पालथा ठेवला.

माजिवड्याच्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही दुकानांच्या, दवाखान्यांच्या ग्राहकांची माहिती सांभाळायचो आणि त्यांना आपोआप जाणारे मेसेज लावून द्यायचो. हे ज्या प्लॅटफॉर्मवर चालायचं, तो मिनिटाला ठरावीकच रिक्वेस्ट, म्हणजे मेसेज पाठवायच्या मागण्या, घ्यायचा; जास्तीच्या सरळ परत. आम्ही वैतागायचो. डोंबिवलीच्या विद्याताई मात्र खुशीत. "अरे मंदार, हॉल केवढा ते बघून पानं मांड. आधी आजारी, म्हातारी माणसं. तुझे साडीवाले बसतील तिसऱ्या पंगतीला, कुठे पळतायत!" कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने त्या दिवसभराच्या पंगती आखायच्या. त्यांच्यामुळे आम्ही सगळेच 'किती रिक्वेस्ट' न म्हणता 'किती पानं' म्हणायला लागलेलो. एका नव्या क्लायंटने घाबरत विचारलेलं, "तुमचं केटरिंगपण आहे का?"

एका दुपारी साडीवाल्याचा तगादा चाललेला. डायलिसिस सेंटरची पंगत बसलेली मला समोर दिसत होती. तरी मी साडीवाल्याचे मेसेज मध्येच सोडले. थोडेच आहेत, मावतील म्हटलं. मावले नाहीत. सेंटरची उद्याची वेळ बदलल्याचे कितीतरी निरोप गेलेच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी लोकलने दिव्याहून आलेले एक आजोबा बंद दारासमोर पायरीवर दुपारपर्यंत बसून राहिले.

साहेबांनी विचारलं, "आखणी कोणाची?"

"माझी," ताई म्हणाल्या. कोणी कधी काय सोडलं त्या नोंदी उघडून बघायला मग कोणी गेलंच नाही. त्यांचा शब्द पुरला.

चहाच्या वेळी त्यांनी हळूच विचारलं, "तू काही सोडलेलंस का रे तेव्हा?"

"नाही ताई."

"बरं... मग माझंच मोजण्यात चुकलं असेल."

त्यानंतर त्या साधी बेरीजही चार-चारदा करायच्या. पंगत हा शब्द त्यांच्या तोंडून गेलाच. वर्षभरात मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाचं भाषण मी केलं, चांगलं केलं.

त्यांची मुलगी वर्तकनगरला राहते. तेराव्याला गेलो तेव्हा म्हणाली, "काका, आई शेवटपर्यंत विचारायची, मी नेमकी कुठे चुकले गं?" मी जेवून परत आलो.

तुम्हाला हे सांगून झालं. तिच्यासमोर बसून, तिची आई चुकली नव्हती, हे सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.