मीनाने भांडून आणलेला टीव्ही

मेहरुनचं काही चांगलं झालं की मीनाच्या पोटात दुखायचं. यात मेहरुनचा काही दोष नव्हता आणि हे मीनालाही ठाऊक होतं. पण ठाऊक असल्याने पोटदुखी थांबते, असं कुठल्या वैद्याने सांगितलंय? नेरूळच्या त्या सोसायटीत दोघींची दारं समोरासमोर. मेहरुनचं दार दिवसभर सताड उघडं, आत मुरुडकडचा कोणी ना कोणी पाहुणा आणि सदा हसणं. तिच्या कुंडीतल्या मिरचीला मिरच्या लगडायच्या, मीनाच्या कुंडीत नुसता पाला. मेहरुनचा नवरा सुलेमान सुक्या मासळीचा व्यापारी, संध्याकाळी बायकोला हाका मारतच जिना चढायचा. मीनाचे दिनानाथ बेलापूरच्या सरकारी कचेरीत कारकून. तेही वेळेवर यायचे, पण जिन्यात कधी हाक मारत नसत. जळणाऱ्याला एवढं सरपण पुष्कळ होतं.

पंच्याण्णव सालच्या दसऱ्याला दोघींकडे एकाच दिवशी टीव्ही आला. वाशीतलं एकच दुकान, एकच कंपनी, तोच एकवीस इंची रंगीत. सणाचं म्हणून दुकानाच्या शेठने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर एक नारळ ठेवला. मेहरुनने तो संध्याकाळी खवून माशाच्या कालवणात घातला. मीनाने टीव्हीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि रीतीप्रमाणे त्याच्यापुढेच नारळ फोडला. चार थेंब पडद्यावर उडाले, ते तिने पदराने पुसले. निदान पूजा तरी आपल्याच घरी झाली, याचं तिला बरं वाटलं.

दिवाळी सरली आणि मेहरुनच्या टीव्हीत माणसं हिरवी दिसायला लागली. मीनाला त्या दिवशी जेवण गोड लागलं. पण सुलेमानने टीव्ही रिक्षात घातला, दुकानात नेला आणि संध्याकाळी नवा घेऊन आला. पुढच्याच आठवड्यात मीनाच्या टीव्हीतली माणसंही हिरवी झाली, मग नुसती एक पांढरी रेघ उरली.

टीव्ही रिक्षात घालून, दिनानाथांना घेऊन मीना तोऱ्यातच दुकानात गेली. मेकॅनिकला टीव्हीवर कुंकवाचं बोट दिसलं. "पूजा केली काय?" त्याने विचारलं. मीनाने भोळेपणाने सगळं सांगितलं, नारळासकट. शेठने हात वर केले.

"बाई, पाणी गेलं आत. नारळाच्या पाण्याला गॅरंटी नाय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी येते तो मेहरुन दारातच उभी.

"मीनाताई, तुमचा बंद हाय तवर इकडंच बगा ना. आनि उद्या मी येते तुमच्यासंगं दुकानात. शेठ वळखतो आमाला."

हे ती मनापासून म्हणाली, आणि त्यामुळेच मीनाच्या अंगाचा तिळपापड झाला. हिच्या ओळखीने टीव्ही मिळवायचा आणि जन्मभर हिच्या दारावरून मान खाली घालून जायचं?

"नको. माझं मी बघीन," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

"अगं, कशाला टेन्शन घेतेस?" दिनानाथ म्हणाले. "एखादा मेकॅनिक बोलावू."

"तिला बदलून मिळतो आणि मला मिळत नाही? अहो, आपण काय फुकट नेला होता?"

कचेरीत चौकशी करून दिनानाथांनी सांगितलं की ग्राहक मंचात साध्या कागदावर अर्ज चालतो, वकील लागत नाही. मीनाने तो स्वतः लिहिला. मग ठाण्याच्या तारखा सुरू झाल्या. शेठ कधी यायचा, कधी आजारी पडायचा. मीना मात्र प्रत्येक तारखेला हजर. लोकांना वाटायचं, काय चिकाटीची बाई! चिकाटी कसली, रोज रात्री समोरच्या घरातून मालिकेचं संगीत ऐकू यायचं, तेच तिला सकाळी बसमध्ये बसवायचं. नवा टीव्ही येईल, मेहरुन दारातून बघेल आणि तिच्या तोंडावर एक क्षणभर तरी सावली पडेल. त्या सावलीसाठी मीना झुरत होती.

शेवटी शेठने मंचापुढे नारळाचं पुराण लावलं. मंचावरच्या बाईंनी विचारलं, "पण नारळ आणला कोणी?"

"ह्यांनीच दिला," मीना म्हणाली. "टीव्हीसोबत."

"देताना टीव्हीपुढे फोडू नका असं बजावलं होतंत?" बाईंनी शेठला विचारलं.

"मॅडम, तो तर आमी पूजेसाठीच देतो!" शेठ बोलून गेला, आणि सगळी खोली हसली. मंचाने टीव्ही उघडून तपासून घेतला होता. पाण्याचा मागमूस नव्हता, दोष पिक्चर ट्यूबमध्येच होता. दुकानाने नवा टीव्ही द्यावा आणि मीनाचा खर्चही भरून द्यावा, असा हुकूम झाला.

टीव्ही आला त्या दिवशी मीनाने आपलं दार मुद्दाम उघडं ठेवलं. हमालांना म्हणाली, "जरा इथेच ठेवा," आणि खोकं बरोबर मेहरुनच्या दारासमोर उतरवून घेतलं.

मेहरुन कणकेच्या हातांनी बाहेर आली. खोकं बघितलं आणि ओरडलीच. "सुलेमान, बाहेर या! मीनाताईंनी शेठची जिरवली! अल्ला, केवढी हिंमत! आमाला तो दमात घेता ना, तर मी रडत घरी आली असती." कणकेच्या हातांनीच तिने मीनाला मिठी मारली.

मीना तिच्या तोंडाकडे निरखून बघत राहिली. डोळ्यांत बघितलं, ओठांच्या कडेला बघितलं. मोहरीएवढी सावली सापडेना. मेहरुनचे डोळे आनंदाने भरून आले होते.

"चहा टाकते," म्हणून मीना आत गेली. बाहेर सुलेमान आणि दिनानाथ मिळून टीव्ही लावत होते, चित्र स्वच्छ आलं म्हणून मेहरुन टाळ्या वाजवत होती, आणि कधी नव्हे ते दिनानाथही खदखदून हसत होते. मीना मात्र ओट्याशी तोंडाला पदर लावून रडत होती. तिला कळून चुकलं होतं की काहीही मिळवलं तरी या बाईला आपला हेवा कधीच वाटणार नाही.